कंसाआधीचा बाण

साखरपुड्याच्या दिवशी ऑफिसला जाणारी मुलगी ठार वेडी असते, आणि ती मी. मनोरीला पाहुणे जमत होते आणि मी नऊवारी नेसून अंधेरीत स्क्रीनसमोर अडकले होते. कुंडलिक सरांचं फर्मान होतं, "रेवती, हॉस्पिटलच्या जुन्या आणि नव्या सिस्टिममधली पेशंटांची नावं जुळतात एवढं दाखव आणि पळ."

एवढंच म्हणे! दोन्हीकडे नावांचा क्रम वेगळा. आधी 'सॉर्ट'ने फाइली क्रमाने लावायच्या, मग 'डिफ'ने ताडून बघायच्या. पण लावलेली फाइल ठेवणार कुठे? त्या सर्व्हरवर आम्हाला फक्त वाचायची मुभा होती.

मी ओजसला फोन लावला. नवरा मुलगा, आमच्याच सॉफ्टवेअरच्या धंद्यातला. मनोरीला नेणाऱ्या फेरीबोटीसाठी मार्वे जेट्टीवर आईसकट माझी वाट बघत उभा होता.

"फाइल करूच नकोस ना," तो म्हणाला. "सॉर्ट कंसात लिही आणि कंसाला चिकटून आधी बाण. आपल्या आज्ञा चालवणारा शेल त्या चालू कामालाच फाइल म्हणून पुढे करतो. डिफ बिचारा फाइल समजून वाचत बसतो."

"म्हणजे डिफला गंडवायचं?"

"गंडवायचं काय? चक्कीतलं पीठ डब्यात न भरता थेट परातीत घ्यायचं."

मला हसूच फुटलं. हसत हसत टाइप केलं:

diff <(sort juni) <(sort navi)

शेल खेकसला. म्हणे हा कंस इथे कसा?

"वाट लागली रे!"

"तिथला शेल साधा एसएच असेल. त्याला हे येत नाही. आधी बॅश सुरू कर, तो हुशार शेल आहे, मग तीच ओळ."

केलं. एंटर मारलं. स्क्रीनवर काहीच नाही. मी रडायच्या बेतात.

"ओजस, काहीच आलं नाही!"

"एररसुद्धा नाही? अगं, मग जुळलं! फरक असला तरच डिफ तोंड उघडतो."

मी अशी किंचाळले की सर धावत आले. रिकामा स्क्रीन दाखवून मी त्यांना सगळं समजावलं, तेही खदखदून हसले आणि म्हणाले, "पळ आता!"

पदर खोचून जिना उतरताना फोनवर रत्नप्रभाकाकूंचा, म्हणजे ओजसच्या आईचा आवाज आला, "अरे, ही पण फेरी सुटली!"

"ही पण? ओजस, आधीची कधी गेली?"

"तू बॅश लिहीत होतीस तेव्हा."

आणि हा माणूस मला एकदाही घाई कर म्हणाला नव्हता! मी जिन्यातच थांबले.

"ओजस, माझा होकार आहे."

"तो तर तू दिलायस ना गं?"

"तो आईबाबांचा होता. हा माझा."