आठ रेघांची चांदणी

गेल्या वर्षी बाजारातला ओटा तडकला आणि गावानं माझं नाव ‘तडा’ ठेवलं. चेंचो म्हणून हाक मारणारं कुणी उरलंच नाही. खरं तर लिब्रादो मुकादमानं मला कटर घेऊन रेघा पाडायला बोलावलं ते काँक्रीट ओतल्याच्या तिसऱ्या दिवशी. तोवर ओटा फुटून मोकळा! पण मुकादमाला कोण बोलणार? शिवाय तो माझा कोंपाद्रे. त्याच्या पोराला बाप्तिस्म्याच्या वेळी मीच हातावर धरलेलं, पोराचा धर्मबाप मी. मी गप्प बसलो. वर्षभर एकानंही मला काम दिलं नाही.

यंदा लिब्रादोनंच बोलावलं. चर्चपुढच्या चौकात, ताज्या काँक्रीटवर, आठ टोकांची चांदणी कोरायची. “ही नीट उठली की लोक विसरतील, लेका,” म्हणाला. आणि या शहाण्यानं काँक्रीट ओतलं कधी, तर दोन मेच्या दुपारी! तीन मे म्हणजे आम्हा गवंड्यांचा सण. कामावर फुलांचा क्रूस उभा करायचा, फटाके उडवायचे, तिखट रश्श्याचा मोले खायचा, पुल्केची दारू ढोसायची. अवजाराला मात्र हात लावायचा नाही. लावला तर वर्षाच्या आत त्या कामावर माणूस मरतो, असं सगळे मानतात. मीही मानतो.

पण काँक्रीटला सण कळतो का? ते सुकताना आखडतं आणि आखडलं की फुटतंच. आपण आधी रेघ पाडून त्याला सांगायचं, बाबा, फुटायचंय ना, मग या रेघेखाली फूट. घाई केली तर कडांचा भुगा होतो, उशीर केला तर ते मनाला येईल तिथे फुटतं. सकाळी नऊला मी खिळ्यानं खरवडून पाहिलं. खडी सुटली नाही, म्हणजे कापायला तयार. दुपारच्या आत सगळं कापायलाच हवं होतं.

क्रूसापुढे गुडघे टेकून मी माफी मागितली आणि कटर सुरू केला. शेजारच्या पोन्सियानो गवंड्याला ब्लेडवर पाण्याची नळी धरायला लावली. बिचारा रडकुंडीला आला होता, पण त्यानं धरली.

सात रेघा पडल्या. आठवी अर्ध्यावर असताना लिब्रादो आला. यंदा क्रूसाचं यजमानपण त्याच्याकडे होतं. अंगात नवा शर्ट, डोळे पुल्केनं लाल.

“बंद कर ते! माझ्या क्रूसासमोर?”

“एकच राहिलीय, कोंपाद्रे.”

“माणसं मारायचीत का तुला, भडव्या?”

“मला तर तू गेल्या वर्षीच मारलंस!” मी ओरडलो. “ओटा कुणामुळे फुटला? सांग की सगळ्यांना!”

त्यानं फावडं उचललं आणि दांडा माझ्या कानशिलावर हाणला. त्या कानाला ऐकू येणंच बंद झालं. मी डोकं घातलं ते थेट त्याच्या नाकावर. हाड मोडल्याचं मला डोक्यात जाणवलं. आम्ही दोघं काँक्रीटवर पडलो. तो माझा गळा आवळत होता, मी त्याच्या बरगड्यांत गुडघे मारत होतो. आणि सांगू का, मला बरं वाटत होतं. वर्षभराचं ‘तडा, तडा’ मी त्याच्या तोंडावर मोजून परत देत होतो. पोन्सियानो ओरडत होता, “अरे, सणाचा दिवस आहे, सोडा रे!”

मी सुटलो आणि पुन्हा कटर धरला. लिब्रादो धडपडत उठला आणि माझ्या पुढ्यात, रेघेवरच, बूट रोवून उभा राहिला. नाकातलं रक्त हनुवटीवरून शर्टावर गळत होतं.

“चालव,” म्हणाला. “चालव माझ्या पायावरून. हिंमत आहे?”

मला थांबता आलं असतं. खोटं कशाला बोलू? दोन हात अंतर होतं. मी ढकलत गेलो. त्याला वाटलं मी थांबेन. मला वाटलं तो पाय काढेल. आधी चामडं फाटलं, मग ब्लेडचा आवाज बदलला. पाणी लाल झालं. लिब्रादो किंचाळत आडवा झाला. लोक ताटं टाकून धावले आणि त्याला खांद्यांखाली धरून ओढत नेलं.

आठवी रेघ अजून चार हात बाकी होती. पोन्सियानो नळी टाकून पळाला होता. मी वाकलो, नळी उचलली, एका हातानं पाणी धरलं, दुसऱ्या हातानं कटर ढकलला आणि रेघ पुरी केली. सगळं गाव बघत होतं. कुणी मला हात लावला नाही.

चौथ्या दिवशी इस्पितळात गेलो. लिब्रादोची तीन बोटं गेली होती, नाकावर पट्टी होती. त्यानं छताकडे बघतच विचारलं,

“फुटला का चौक?”

“नाही. रेघांबाहेर कुठेच नाही. सरळ रेघांखालीच फुटलाय.”

“मी बायकोला सांगितलंय. ओटा माझ्यामुळे फुटला, हे ती गावात सांगेल.” त्यानं कूस बदलली. “तुझं नाव धुतलं, चेंचो. आता जा. माझ्या पोराला यापुढे भेटू नकोस.”

“कोंपाद्रे—”

“मी ओरडत होतो,” तो भिंतीकडे बघत म्हणाला, “आणि तू रेघ पुरी केलीस.”