गरुड पडला, पण गेम संपला का?

मी गेमचा कंट्रोलर बोलतोय. टीव्हीचा रिमोट नव्हे हं! ते लांबुळकं ध्यान सोफ्याच्या फटीत लोळत पडतं आणि सगळं घर त्याला शोधत फिरतं. माझं तसं नाही. मला दोन्ही हातांत धरावं लागतं, दोन्ही अंगठे माझ्या दांड्यांवर टेकवावे लागतात. त्या अंगठ्यांना घाम फुटला की घरात सगळ्यांत आधी मला कळतं.

माझ्या जन्माची फार मोठी कथा नाही. एका लांबलचक कारखान्यात एकीने माझ्या पोटात थरथरण्यासाठी दोन चिमुकल्या मोटर बसवल्या, दुसरीने दांड्या लावल्या, तिसरीने झाकण घालून स्क्रू पिळले. शेवटी एका गृहस्थाने माझी डावी दांडी गरगर फिरवली, "चालेल" म्हणाला आणि मला खोक्यात कोंबलं.

मला घरी आणलं चिऊने. चिऊ हे आपलं लाडाचं नाव. बाईसाहेब चांगल्या चोवीस वर्षांच्या आहेत आणि चष्म्याच्या दुकानात नोकरी करतात. खेळायची मात्र अशी, की जणू मागे वाघ लागलाय! शेवटचा राक्षस पडला आणि गेम बनवणाऱ्यांची नावं पडद्यावर खालून वर सरकू लागली, की मला सोफ्यावर भिरकावून मोकळी. "संपला गेम!"

तिचे बाबा मागे चहा पीत बसलेले असायचे. एकदा ते म्हणाले, "संपला कसा गं? तुझा माणूस तर अजून मनोऱ्याच्या टोकावर उभा आहे."

"अहो बाबा, पण राक्षस मेला ना!"

"मेला असेल. पण हा माणूस घरी कसा जाणार?"

बाबा इमारतींच्या कामावरची उंच क्रेन चालवायचे. त्यांच्याकडे काम संपण्याची एक ठरलेली रीत होती. लोड, म्हणजे उचललेला माल, वर पोचला म्हणून काम झालं असं ते कधीच म्हणायचे नाहीत. हुक रिकामा होऊन खाली आला आणि खालच्या माणसाने हात वर केला, की मगच "झालं" हा शब्द तोंडातून काढायचा. त्याआधी कुणी तो उच्चारला तर त्याची काही धडगत नसे. आणि तो खालचा माणूस म्हणजे चिऊचा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. बाबा वर केबिनमध्ये, मामा खाली लोडला पट्टे बांधून हाताने इशारे करणार. वर्षानुवर्षं त्यांचं हेच चाललेलं.

मग बाबा पडले. क्रेनवरून नाही, घरच्या जिन्यावरून! डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण अंगठ्यात काहीतरी राहिलं. डॉक्टरांनी हात वळवून, दाबून पाहिला आणि हरकत नाही म्हणाले. साहेबांनी सोमवारी या म्हणून सांगितलं. वर जायचं नसेल तर खाली माल उतरवून घ्यायचं काम आहे, तेही सांगितलं. घरात सगळे खूश. एकटे बाबा अंगठा चोळत बसले.

"अंगठा मधेच झोपतो," ते आईला म्हणाले. "मला न विचारता."

आणि त्यांनी मला उचललं. ज्या गेमवरून चिऊशी वाद झाला होता तोच लावला. त्यात एक माणूस हातात कंदील घेऊन मनोरा चढतो, टोकावर शेवटच्या राक्षसाशी, एका काळ्या गरुडाशी, लढतो. मनोऱ्यावर वारा सुटलेला असतो. डावी दांडी वाऱ्याच्या उलट, अगदी हलकी दाबून धरावी लागते. जास्त दाबली तर माणूस इकडून पडतो, सोडली तर तिकडून. बाबा म्हणाले, हे तर माझंच काम आहे.

"हा गेम माझ्या हाताने पुरा झाला, तर सोमवारी मी वर चढणार. नाही झाला, तर केबिन सोडली."

"अहो, खेळण्यावरून कसलं ठरवताय?" आई वैतागली. "डॉक्टर काय वेडे आहेत?"

"डॉक्टरांनी अंगठा जागा असताना पाहिलाय."

रोज संध्याकाळी ते खेळत आणि रोज पडत. त्यांचा अंगठा माझ्यावर असायचा, म्हणून सांगतो. चांगला चालता चालता तो एकदम जड व्हायचा, बसल्या जागी डुलकी लागलेल्या माणसासारखा. मग माणूस कंदिलासकट खाली. बाबा लगेच पुन्हा सुरू करायचे. केबिन त्यांना जिवापाड आवडायची. ती गेली तर आपण कोण, हे त्यांना सांगता आलं नसतं. चिऊला त्यांचा चेहरा बघवेना.

शनिवारी बाबा आंघोळीला गेले आणि चिऊने मला हळूच उचललं. गेमची सेटिंग उघडली. एक बटण दाबलं, वारा बंद. दुसरं दाबलं, गरुड अर्ध्या ताकदीचा. मला ठेवून ती निघून गेली. हे बाबांना सांगायला हवं होतं. पण मी काय करणार? मला तोंड कुठाय? फार तर थरथरू शकतो, तेही गेमने सांगितलं तरच.

रविवारी दुपारी मामा आला. बाबा खेळायला बसले आणि बघता बघता गरुड पडला! नावं वर सरकू लागली. आई देवाला हात जोडायलाच धावली. बाबा माझ्याकडे बघत राहिले. "आज कसं काय वारा लागला नाही?" ते पुटपुटले, पण त्या गोंधळात ते कुणी ऐकलंच नाही.

"दाजी, आता चिंता मिटली!" मामाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "उद्या तुम्ही वर आणि मी खाली डोळे मिटून उभा."

बाबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. त्यांनी मला चिऊच्या हातात दिलं आणि साहेबांना सांगायला फोन घेतला. चिऊचे हात बर्फासारखे गार पडले होते. ती एकदा मामाकडे बघे, एकदा बाबांकडे. बाबा नंबर शोधत होते. आता ही बोलणार की नाही? बोल गं बाई, बोल! मी मनातल्या मनात ओरडत होतो.

"बाबा, फोन करू नका," ती म्हणाली. "वारा मी बंद केला होता. गरुडही सोपा केला होता."

मामाचं हसू तोंडावर तसंच राहिलं. बाबांनी फोन खाली ठेवला.

"वारा सुरू कर."

"बाबा, मला वाटलं तुम्हाला..."

"रडायचं ते नंतर रड. आधी वारा."

तिने वारा सुरू केला. गरुडही होता तसा केला. बाबांनी मला हातात घेतलं, तेव्हा त्यांची पकड अशी होती की मला वाटलं आता माझं झाकण निघतंय. मग त्यांनी श्वास सोडला, हात सैल केला आणि खेळायला लागले. मामा उभाच होता. आई दाराला धरून. वारा आला, बाबांनी दांडी उलटी झुकवली, हलकी, अगदी बेताने. माणूस वर पोचला. गरुड झेपावला, बाबा चुकले, सावरले, गरुड पुन्हा झेपावला. मी त्या धक्क्यांनी थरथरत होतो, पण अंगठा जागा होता. जागा होता हो! आणि शेवटी गरुड पडला. या खेपेला खराखुरा.

"जिंकलात!" मामाने उडीच मारली. नावं वर सरकली.

बाबांनी मला सोडलं नाही. "अजून हा वरच आहे."

नावं संपल्यावर गेम त्या माणसाला पुन्हा मनोऱ्यावर उभं करतो. हवं तर खाली उतरा. कुणी उतरत नाही. चिऊने तर ते कधी पाहिलंही नव्हतं. बाबा एकेक पायरी उतरू लागले. वारा होताच. अर्धा मनोरा झाला. जमीन दिसू लागली, खालचं दार दिसू लागलं. आणि माझ्या डाव्या दांडीवरचा अंगठा जड झाला.

गेमने वाऱ्याचा इशारा दिला तसा मी जीव तोडून थरथरलो. अंगठ्याला पत्ता नाही. वाऱ्याचा झोत आला आणि माणूस कंदिलासकट खाली गेला.

पडद्यावर सोनेरी अक्षरं आली: 'गेम पूर्ण'. गरुड मेलेला, गेमला तेवढंच पुरे.

"अहो दाजी, लिहिलंय की पूर्ण म्हणून!" मामा म्हणाला. "उतरण्याला कोण विचारतंय?"

बाबा त्याच्याकडे बघून म्हणाले, "खाली तू उभा होतास."

मामा मटकन खाली बसला.

"त्या यंत्राचंच काहीतरी बिघडलं असेल," आई घाईघाईने म्हणाली. चिऊनेही लगेच तेच धरलं. "हो बाबा, याची डावी दांडी जुनी झालीय. मी नवा आणते, मग बघा!"

हरणारी माणसं नेहमी मलाच नावं ठेवतात. बटण अडकलं म्हणतात, दांडी ढिली आहे म्हणतात. एरवी मला त्याचा संताप येतो. पण त्या दिवशी मला मनापासून वाटलं, टाका माझ्यावर. म्हणा हा भंगार झाला. मला काय, मी एका खोक्यातून आलो, दुसऱ्या खोक्यात जाईन.

बाबांनी उजव्या अंगठ्याने माझी डावी दांडी सावकाश फिरवली. इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. घरात सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"नाही," ते म्हणाले. "हा ठणठणीत आहे."

मग त्यांनी मला टेबलावर ठेवलं, अगदी हळू, आणि फोन उचलला. "साहेब, मी येतो उद्या. पण वर नाही, खाली."

हल्ली ते आणि मामा एकत्रच कामाला जातात. संध्याकाळी ते मला अजून हातात घेतात. अंगठा अजून मधेच झोपतो. चिऊ शेजारी बसते आणि सेटिंगला हात लावत नाही. माझं म्हणाल तर माझा रंग उडालाय, कडा घासल्यात, फार दिवस राहीन असं वाटत नाही. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला खुशाल शिव्या घाला, आमचं काही बिघडत नाही. फक्त बाबांना कुणी 'तो गेम तुम्ही जिंकला होता' असं सांगू नका. ते खरं असावं असं त्यांना अजून फार वाटतं, आणि एखाद्या दिवशी ते वर चढतील.