मोठे न होणारे बेचाळीस फोटो

चाकच असावं ते. पिवळसर, कडेला बारीक दाते... की चाकाखालची पट्टी? नखाएवढ्या त्या फोटोत काही म्हणता काही कळत नव्हतं. वहिनींनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक पडद्याला टेकेल इतक्या पुढे वाकल्या आणि फोटोवर पुन्हा क्लिक केलं. पान उघडलं. पांढरंफटक.

"बघा," त्या म्हणाल्या, "हे असं. मोठा म्हणून होत नाही."

तो बघत होता. निदान बघतोय असं दाखवत होता — कपाळाला आठ्या घालून, हनुवटी चोळत, निदान न सापडलेल्या डॉक्टरसारखा. सोंग आणावं तर असं आणावं!

"ब्राउझरची कॅश साफ केलीत?"

"काल फोनवर सांगितलंत तशी केली. दोनदा केली. सगळे पासवर्ड गेले माझे, पण फोटो काही उघडला नाही."

लॅपटॉपच्या पलीकडे, दुकानातल्या त्याच टेबलावर, त्याच्या थोरल्या भावाचं, दादाचं शेवटचं काम तसंच पडलेलं होतं. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाचे सुटे भाग, बरण्यांच्या झाकणांत वाटून ठेवलेले, झाकणाझाकणावर आकडा. घड्याळ खोलताना पायरीपायरीला फोटो काढायचा, इंटरनेटवरच्या घड्याळदुरुस्तीच्या फोरमवर टाकायचा, आणि जोडताना तेच फोटो शेवटाकडून सुरुवातीकडे बघत जायचं — ही दादाची पद्धत. फोरमवर टाकले की मोबाइलमधले लगेच पुसायचा. "धाकट्याचा फोरम आहे की," म्हणायचा. या घड्याळाचे बेचाळीस फोटो काढून झाले आणि जोडायच्या आतच दादा दवाखान्यात गेला. तिथून काही परतला नाही. आता वहिनींनी मनावर घेतलंय. तीस वर्षं ह्यांच्या शेजारी बसून चिमटे पुढे केलेत, बघते जमतं का, म्हणतात. हे एक घड्याळ उभं राहिलं की मग दुकान बंद करायला मी मोकळी, म्हणतात.

कसं जमणार? मोठे फोटो नाहीतच. छोटे सर्व्हरवर वेगळ्या ठिकाणी असतात म्हणून वाचले, मोठे या धाकट्यानेच स्वतःच्या हाताने उडवलेत. कॅश साफ करा, ब्राउझर बदला, राउटर बंद करून चालू करा... आठवडाभर तो या बाईला नुसता फिरवत होता. आणि ती बिचारी प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घेऊन, केली की पुढे बरोबरची खूण करत होती.

"तुमच्या फोरमवर पण विचारलं मी," वहिनी म्हणाल्या. "मदत विभागात. किती चांगली माणसं हो! कोणी काय सुचवलं, कोणी काय. तो लंबक या नावाने लिहितो ना, त्याने तर लिहिलं, मूळ फोटो सर्व्हरवर आहेत का ते फोरमच्या चालकांनी एकदा तपासावं. आणि सकाळी बघते तर वर हिरव्या अक्षरांत 'प्रश्न सुटला' आणि खाली कुलूप, पुढे काही लिहिताच येत नाही. सुटला म्हणजे काय भाऊजी? मला तर अजून दिसत नाही."

लंबक! या माणसाला दुसरे उद्योग नाहीत. ते कुलूप सकाळी, दात घासायच्याही आधी, मीच लावलेलं.

"सिस्टीम आपोआप लावते," तो म्हणाला. किती सहज आलं तोंडातून. लाज कशी वाटत नाही मला?

वाटते. पण लाजेच्या खाली अजून एक काहीतरी आहे आणि ते फार जुनं आहे. फोरम त्याचा. नऊ वर्षं एकेक रविवार घालून उभा केलेला, भांडणं सोडवलेली, शिव्या खाल्लेल्या. आणि माणसं यायची कुणासाठी? दादासाठी! एका बोटाने टाइप करणाऱ्या, धड एक वाक्य न लिहिणाऱ्या दादासाठी. "दादांना विचारा", "दादांचे हात बघा"... चालकाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. लहानपणी घरात, मग गल्लीत, आणि शेवटी स्वतः बांधलेल्या जागेतसुद्धा — मी आपला दादाचा धाकटा.

फोटो उडवले त्या दिवशी सर्व्हरवरची जागा भरली होती. कोण किती जागा खातंय त्याची यादी त्याने काढली, सगळ्यात वर दादाचं नाव. विनोदांचा आख्खा विभाग उडवता आला असता, कुणी रडलं नसतं. पण त्याने दादाच्या नावासमोरच्या चौकोनात खूण केली. 'मूळ फोटो कायमचे काढायचे?' हो. वाईट काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं होतं... अगदी खरं सांगायचं तर, बरं वाटलं होतं.

"ह्यांना बाकी खात्री होती हं," वहिनी म्हणाल्या. त्या झाकणांकडे बघत होत्या. "शेवटच्या मंगळवारी बोलता येत होतं तोवर हेच. घड्याळ उघडं राहिलंय म्हणून जीव टांगलेला. मी म्हटलं, बरे झालात की जोडा. तर म्हणाले, नाहीच झालो तरी काळजी नको, फोटो धाकट्याकडे आहेत. त्याच्याकडची वस्तू हरवत नाही."

मंगळवार.

मंगळवारीच. दुपारी, ऑफिसात, डबा खाऊन झाल्यावर. दादा गेला शुक्रवारी... म्हणजे तेव्हा दादा होता. बोलत होता. आणि मी त्या चौकोनात खूण करताना मनात काय म्हणालो होतो? आता कुठे येतोय तो बघायला. असं म्हणालो होतो. डॉक्टरांनी अजून आशा सोडली नव्हती, वहिनींनी सोडली नव्हती. शाबास माझी, मी तीन दिवस आधीच भावाला पोचवून मोकळा.

फोटो गेले हे सांगता येईल. चूक झाली, जागा भरली होती, माफ करा — वहिनी रडतील आणि वर मलाच चहा देतील. पण ते दुसरं कसं सांगायचं? त्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर संशयाचं नाव नव्हतं. आठवडाभर याला धास्ती होती ती यांना कळेल याची, आणि आता एकाएकी त्याच्या लक्षात आलं की यांना कधीच कळणार नाही. लंबकाने डोकं आपटलं तरी नाही. या अशाच वही घेऊन बसतील, सांगेन ते करतील, आणि दिसलं नाही तर स्वतःलाच अडाणी म्हणतील. ही भीती त्या भीतीपेक्षा फार मोठी होती.

"वहिनी..." तो म्हणाला.

वहिनींनी चष्मा डोळ्यांवर घेतला, वहीचं नवीन पान उघडलं, वर तारीख घातली.

"हं, बोला भाऊजी. आता काय करू?"