चुलीच्या उबेला ठेवलेला खुब्याचा प्याला

मी खुब्याचा प्याला बोलतोय. चहाचा नव्हे. माणसाचा खुबा झिजला, की डॉक्टर कंबरेच्या हाडात माझ्यासारखा प्लास्टिकचा प्याला बसवतात आणि मांडीच्या हाडाला धातूचा गोळा. गोळा प्याल्यात फिरतो, माणूस चालतो. एवढंच माझं काम, आणि ते मी एक दिवससुद्धा केलं नाही. तरी तक्रार नाही. का, ते ऐका. मराठी मी येसाजीच्या स्वयंपाकघरात शिकलो, त्यामुळं बोलणं गोड मिळणार नाही.

कारखान्यात मला यंत्रावर कातून काढला. एक्स-रेत दिसावा म्हणून पाठीवर बारीक तार बसवली. वाफेत उकडला असता तर माझा आकार बिघडला असता, म्हणून पिशवीत बंद करून जाड भिंतींच्या खोलीत नेला आणि माझ्यावर गॅमा किरणं सोडली. जंतू मेले. बाहेर आलो तेव्हा अंग घट्ट झालं होतं. मी पहिलवानासारखा फुगलो.

पण किरणांनी माझे आतले धागे तोडले होते. काही पुन्हा एकमेकांत गुंतले, म्हणून तो घट्टपणा. बाकीचे तसेच तुटके राहिले. अशा तुटक्या टोकांना हवा लागत जाते आणि प्लास्टिक ठिसूळ होतं. थंड जागी सावकाश, उबेला भराभर. हे कळायला मला उशीर झाला.

एक्याण्णव साली येसाजीनं मला बेळगावातून कुंभारवाड्याकडं, रानातल्या आपल्या घरी आणलं. त्याची बायको केशर, तिचा उजवा खुबा गेला होता. गोळा इस्पितळात मिळणार होता, प्याला बाहेरून आणायचा होता. येसाजीनं तो आधीच आणून ठेवला. मग मला देवीपुढं ठेवून कौल लावला. देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर थांब. माझ्या नावानं उजवी पडली. येसाजी खूश. लगेच विचारलं, "ह्या साली खुबा कापून घेऊ काय?" डावी पडली.

दर साली डावीच पडत गेली. तोवर मला ठेवायचा कुठं? ह्या रानात पावसाळ्यात उशीसुद्धा सादळते. म्हणून बियाणं चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात. येसाजीनं मलाही तिथंच ठेवला, काकडीच्या बियांशेजारी. खाली भाकरी भाजायच्या, वर मी भाजायचो. खाली केशर काठी टेकत, दात आवळत चालायची. मला तिचा राग यायचा नाही, कौलाचा यायचा.

शेवटी पंच्याण्णव साली उजवी पाकळी पडली. बेळगावच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पिशवी उजेडात धरली.

"हा पिवळा का दिसतोय? कुठं ठेवला होता?"

"चार वर्सं सोन्यावानी जपलाय बाईसाब," येसाजी म्हणाला. "चुलीवरच्या माळ्यावर. सादळला न्हाई बघा."

"चार वर्षं? चुलीवर?"

"मग! बियानं तिथंच ऱ्हातंय आमचं."

केशर खाटेवरनं म्हणाली, "मलाबी तिथंच ठिवायचं व्हतं. खुबा वाळून नीट झाला असता."

बाईंनी सांगितलं, हा नको, दुसरा बसवू. झालं! येसाजी उठून उभा राहिला. "कौल ह्याचा हाय. दुसरा चालायचा न्हाई. हाच घाला, न्हाईतर आमी चाललो घराकडं."

मला माझं अंग ठाऊक होतं. आत गेलो असतो तर गोळ्याखाली माझा भुगा झाला असता, आणि त्या भुग्यानं तिचं हाड पोखरलं असतं. वर्षं-दोन वर्षं चालली असती बिचारी, मग पुन्हा कापाकापी, तीही उरलेल्या अर्ध्या हाडात. आणि तशीच घरी परतली असती तर काठी होतीच. ओरडायला तोंड कुठलं?

बाईंनी वाद घातला नाही. पिशवी फाडली, मला बाहेर काढला आणि पात्यानं कडेला एक काप घेतला. "नव्या प्याल्याची लांब साल निघते. हे बघा."

साल निघालीच नाही. कण्या पडल्या, शिळ्या खोबऱ्यासारख्या. येसाजीनं बोटानं त्या चुरडल्या. तोंड मात्र तसंच वाकडं. "तरीबी... देवीनं..."

"देवीनं माझ्या पायाला कौल दिलाय, ह्या डबड्याला न्हाई," केशर म्हणाली. "पाय कुनाचा हाय? तुमचा का माझा? बसा खाली. बाई, दुसरा आना."

येसाजी बसला. मला डबडं म्हणाली, पण आयुष्यात इतकं बरं मला दुसऱ्या कशानं वाटलं नाही.

केशरच्या अंगात नवा प्याला गेला. मला येसाजीनं खिशात घालून परत आणला. देवीपुढं ठेवलेली वस्तू टाकवेना. आता मी केशरच्या पानाच्या पिशवीत असतो. तिनं माझ्यात चुना भरलाय. ठिसूळ असलो तरी चुन्याला पुरेसा आहे. लावणीच्या दिवसांत ती बांधावर खुर्ची टाकून बसते, कारण उकिडवं बसायला बाईंनी बंदी केलीय. तिथनं सुनांना शिव्या देते, मला बाहेर काढते, पान लावते.

तुमच्या घरात असलं काही किरणं खाल्लेलं सामान येऊन पडलं असेल, तर म्हाताऱ्याचं एवढं ऐका. जपत बसू नका. गार जागी ठेवा आणि ताजं असताना वापरून टाका.

आता पुरे. पलीकडच्या वाफ्यात कुणीतरी रोपं वाकडी लावलीत, ते केशरला दिसलंय. तिनं मला पिशवीसकट कमरेला खोचला. काठी खुर्चीलाच टेकलेली राहिली आणि ती निघाली, तरातरा, बांधावरनं.