बिनपावडरचा झिरा

एक गोष्ट पयलेच सांगून टाकतो. म्या बारा वर्षं खोटं लिहिलं. ग्रामपंचायतीत मी जलसुरक्षक होतो. गावच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लिचिंग पावडर टाकाची, पाणी तपासाचं अन् रजिस्टरात लिहाचं, इतलंच काम. टाकीत टाकत होतो, मोठ्या विहिरीत टाकत होतो, तापात पडलो तरी चुकलो नाही. पण दर्ग्याखालचा झिरा, म्हणजे पाझराचं लहानसं डबकं, सोडत होतो. रजिस्टरात मात्र बिनदिक्कत लिहीत होतो, झिऱ्यात पावडर टाकली, सही सकलैन शेख.

काऊन सोडत होतो? शेजारच्या शालूबाईनं बजावलं म्हणून. पावडरच्या पाण्यात तुरीची दाळ शिजत नाही, असं गावातल्या साऱ्या बायांचं म्हणणं. खरं का खोटं अल्लाले ठाऊक. पण सकाळी दाळीपुरता हंडा भराले साऱ्या झिऱ्यावर, अन् माझी अम्मी सगळ्यात पुढं. त्यायच्या समोर मी कोण लागून गेलो?

देवानंद सर मागच्या वर्षी आले. माणूस नांदुऱ्याचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला, पण नोकरीले पुण्याच्या एका संस्थेत. पाण्यातले किडे हाच त्यायचा अभ्यास. हिवरा आश्रमाकडून फिरत फिरत आमच्या गावात आले अन् चहाची गाळणी घेऊन झिऱ्यात वाकले. मले वाटलं, बुवाचं डोकं सरकलं. गाळणीत निघाला तिळाएवढा किडा. पिवळसर, पाठीवर काळे दोन डाग. मी तर लहानपणापासून पाह्यत आलो त्याले. वर येते, बुडाशी हवेचा बुडबुडा धरते अन् पुन्हा खाली जाते. सर म्हणे, असा किडा त्यायनं कुठंच पाह्यला नाही.

तिथून माझं येड सुरू झालं. दर आठ दिवसाले गाळणी घेऊन झिऱ्यावर. किती दिसले, कोणत्या दगडाखाली दिसले, पाणी किती होतं, सारं वहीत लिहीत होतो अन् संध्याकाळी फोनवर सांगत होतो. स्पिरिटच्या बाटलीत दोन-चार किडे टाकून चिखलीहून कुरिअर करत होतो. सरांनी मले शिकवलं की वरून दोन किडे सारखेच दिसतात, पण नराचं पोट उघडून आतला अवयव भिंगाखाली पाह्यला की जात वेगळी का एकच ते कळते. मी ते घरी सांगतलं तर अम्मीनं झापलं, की स्वतःच्या लग्नाचा पत्ता नाही अन् हा किड्यायच्या भानगडी पाहून राह्यला.

सर चार खेपा आमच्या घरी उतरले. अम्मीच्या हातचं वांग्याचं भरीत त्यायले लय आवडे. चौथ्या खेपेले जेवण झाल्यावर ओट्यावर बसलो होतो, तवा त्यायनं विचारलं, शंभर पावलावर मोठी विहीर आहे, तिच्यात हा किडा काऊन नाही? माझ्या पोटात राह्यलं नाही. पावडरचं सारं सांगून टाकलं. सांगतलं अन् घाबरलो. म्हटलं, सर, हे कोणाले कळलं तर माझी नोकरी जाईन.

त्यायनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणे, "सकलैनभाऊ, हे माझ्यापाशीच राहील."

उन्हाळा सरता सरता त्यायचा लेख छापून आला. नवी जात म्हणून जाहीर झाली. नाव ठेवलं त्यायच्या गुरुजींवरून, त्याचं मले काई वाटलं नाही. मोबाईलवर पाठवला तर बावीस पानं, सारी इंग्रजी. मले इंग्रजीतलं माझं नाव तेवढं ओळखू येते, ते दोन ठिकाणी दिसलं. फोन करून विचारलं, सर, माझ्याबद्दल काय लिहिलं? म्हणे, तारीफ आहे तुमची.

मंग काय, मी हवेत. चिखलीले गेलो, ती दोन्ही पानं रंगीत छापली, लॅमिनेशन केलं अन् ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, सरपंच पुष्पांजलीताईच्या खुर्चीच्या बरोबर वर, माझ्या हातानं खिळा ठोकून लटकवली. पेढे वाटले. ग्रामसेवक किसनराव इंग्रजी वाचणारे, पण चष्मा लावून त्यायनं फक्त किड्याचा फोटो पाह्यला.

दीड महिना ते भिंतीवर होतं. मंग पाणी तपासाले तालुक्याहून डॉक्टरीणबाई आल्या. चहा येईस्तोवर उभ्या उभ्या त्यायनं भिंतीवरचं वाचलं. वाचता वाचता थांबल्या अन् साऱ्यायसमोर मराठीत सांगतलं. ही जात फक्त याच झिऱ्यात टिकली, कारण जलसुरक्षक सकलैन शेख यांनी बारा वर्षे त्यात पावडर टाकलेली नाही, आणि याबद्दल लेखक त्यांचा ऋणी आहे.

बाईनं रजिस्टर मागतलं. डॉक्टरीणबाईची चूक म्हणत नाही मी. उद्या कोणाचं लेकरू झाडावांतीनं गेलं असतं तर मी कोणाले तोंड दाखवलं असतं? माझी चूक ती माझीच. नोकरी गेली. जाता जाता हुकूम असा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच हातानं, साऱ्यायसमोर, झिऱ्यात पावडर टाकाची.

त्याच दिवशी, उजेड होता तवाच, मी गाळणी अन् अम्मीचा लोणच्याचा रिकामा डब्बा घेऊन झिऱ्यावर गेलो. मावळेपर्यंत पाण्यात होतो. नऊ सापडले. दुसऱ्या एका पाण्यात नेऊन सोडले. कुठं ते तुमालेही नाही सांगत. सकाळी पावडर टाकली. दुपारपर्यंत पाण्यावर तीळ सांडल्यावाणी किडे तरंगत होते.

सरांले चार दिवस फोन लावत होतो, उचलला नाही. पाचव्या दिवशी त्यायचाच आला. मी एकच विचारलं, सर, काऊन लिहिलं? तुमी जबान देली होती. म्हणे, "शास्त्रात खरं ते लिहावंच लागतं, सकलैनभाऊ. ते कारण काढलं असतं तर लेख उभाच राहिला नसता. अन् आभार तर मनापासून मानले ना मी?"

अम्मी कशी आहे विचारलं नाही. नोकरीचं विचारलं नाही. मंग आवाज खाली करून म्हणे, झिऱ्यात पावडर टाकल्याचं कानावर आलं, किडा शेवटचा जिवंत कोणत्या तारखेले दिसला ते पक्कं सांगा, ही जात संपली असं छापाचं आहे.

नऊ किडे आहेत, हे माझ्या जिभेवर आलं होतं. वर्षभराची सवय, दिसलं की सराले सांगाचं. सोडले त्याच्या तिसऱ्या दिवशी एकानं बुडाशी बुडबुडा धरलेला पाह्यला तवाही पयला हात फोनकडंच गेला होता. म्या म्हटलं, "लिहून घ्या सर. तेवीस जुलै. एकबी नाही उरला."

ते थँक यू म्हणे अन् फोन ठेवला.

बारा वर्षं रजिस्टरात रोज खोटं लिहिलं, तवा जेवणाचा एक घास कधी चुकला नाही. हे एक खोटं बोललो अन् अम्मीनं वाढलेलं ताट तसंच राह्यलं.