सुट्टी कुणी दिली

शिंप्याचा फोन आला तेव्हा वहिनी ओटा पुसत होत्या.

"आभार मानायला फोन केला, वहिनी. सुट्टी दिलीत, फार बरं झालं. मुलगी घरी येतेय, सगळ्यांना एकत्र बसता येईल."

वहिनींचा हात थांबला. "कसली सुट्टी?"

"असं काय करता? मोठ्या सुट्टीच्या दिवशी येऊ नका, त्याऐवजी सुट्ट्या संपल्यावर दुसऱ्या आठवड्यात या, असं म्हणालात ना काल दुपारी?"

"मी म्हणाले?"

"तुम्हीच. माझ्या खांद्याचीही चौकशी केलीत."

काल दुपारी वहिनी दातांच्या डॉक्टरांकडे खुर्चीत तोंड उघडून पडल्या होत्या. फोन तर सोडाच, साधं 'हो' म्हणायचीही सोय नव्हती. शिंप्याला हे सांगावं असं त्यांच्या मनात आलं, पण माणूस इतका खूश होता की त्यांनी "बरं, बघते" म्हणून फोन ठेवला.

वहिनी वृद्धाश्रमात स्वयंसेवकांच्या ड्यूट्या लावायच्या. खालच्या मोठ्या हॉलमध्ये अशी माणसं होती ज्यांना स्वतःच्या हाताने जेवता येत नव्हतं. त्यांना भरवायला एरवी आया असत. वर्षअखेरच्या सुट्ट्यांत आया आपापल्या गावी जात आणि सगळा भार बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकांवर पडे. त्यांची मनधरणी करायची, रुसवेफुगवे काढायचे, एकाच्या सासूचं ऑपरेशन आणि दुसऱ्याच्या पोराची परीक्षा सांभाळून जेवणाची प्रत्येक वेळ भरायची. गेला महिनाभर वहिनी हेच करत होत्या. मोठ्या सुट्टीच्या दिवशी एकालाही रजा नाही, हे त्यांनी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं.

संध्याकाळी पोहण्याच्या क्लासवाल्या बाईंना त्यांनी सहज म्हणून फोन लावला.

"हो, मला आणि आमच्या ह्यांना, दोघांनाही येऊ नका म्हणालात ना," बाई म्हणाल्या. "आम्ही तिकिटं काढलीसुद्धा."

"फोन कुठून आला होता?"

"आश्रमाच्याच नंबरवरून. का हो? काही चुकलं का?"

"नाही, नाही," वहिनी म्हणाल्या आणि जेवणाच्या टेबलाशी बसून राहिल्या. आपल्या नावाने, आपल्या आवाजात, आश्रमातूनच कुणीतरी माणसं कमी करत होतं. मोठ्या सुट्टीला हॉलमध्ये भरवायला कुणी नसलं तर बोट कुणाकडे दाखवलं जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दुसऱ्या दिवशी त्या व्यवस्थापकांना भेटल्या. व्यवस्थापकांनी चष्मा कपाळावर चढवला. "फोनला काय कुलूप घालू? ऑफिसात आहे, स्वयंपाकघरात आहे, कपड्यांच्या खोलीतही आहे. कुणीही उचलतं." मग थोडं थांबून म्हणाले, "पण तुमच्या आवाजात म्हणजे... घरातल्याच माणसाला जमेल असं काहीतरी."

ते हे बोलले ते सहज की मुद्दाम, वहिनींना कळेना. पण ते वाक्य कुसळासारखं रुतलं.

घरातलं माणूस एकच होतं. त्यांची नणंद. वहिनींच्या आधी कितीतरी वर्षं ड्यूट्या त्याच लावायच्या. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनीच हे काम भावजयीच्या गळ्यात घातलं आणि "ही आमची वहिनी" अशी ओळख करून दिली, म्हणून सगळा आश्रम त्यांना वहिनी म्हणायला लागला. नणंदबाईंनी काम सोडलं, पण ऑफिसची किल्ली सोडली नाही. दुपारी त्या अजूनही येत, म्हाताऱ्यांशी पत्ते खेळत, आणि जाता जाता फळ्यावरच्या ड्यूट्यांकडे बघून "हं" म्हणत. त्या एका "हं"मध्ये काय काय असायचं ते वहिनींनाच माहीत.

आता प्रत्येक गोष्टीला नवा अर्थ यायला लागला. परवा नणंदेने विचारलं होतं, "मोठ्या सुट्टीला किती जण येतायत गं?" तिला कशाला हवं होतं? मागे एकदा ती म्हणाली होती, "माझ्या वेळी असा गोंधळ नव्हता." मग गोंधळ करून दाखवायचा असेल. रविवारी जेवायला आली तेव्हा वहिनी "मीठ द्या" म्हणाल्या, आणि नणंदेने चेष्टेने तसंच म्हणून दाखवलं होतं. सगळे हसले होते. वहिनीही हसल्या होत्या.

त्यांनी सगळ्यांना पुन्हा फोन करायला घेतले. पण तिथेही पंचाईत. शिंपी म्हणाला, "रागावू नका, पण खऱ्या वहिनी कशावरून? आधीच्याही खऱ्याच वाटल्या होत्या."

"अहो, मीच बोलतेय."

"त्याही हेच म्हणत असतील की. तुम्ही असं करा, समोर या. मग मी ऐकतो."

वहिनींनी कपाळाला हात लावला. आपणच आपण आहोत हे कसं पटवायचं?

तिसऱ्या प्रहरी त्या नणंदेच्या घरी गेल्या. नणंद गॅलरीत गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसली होती. "ये गं. चहा टाक, मलाही दे," ती म्हणाली.

वहिनी उभ्याच राहिल्या. "वन्सं, एक विचारू? खरं सांगाल?"

"खोटं बोलायला मी काय तुझ्याकडे नोकरी मागायला आलेय?"

"माझ्या नावाने लोकांना फोन तुम्ही करता का?"

नणंदेने पिशवी बाजूला ठेवली. वहिनींनी सगळं सांगितलं. सांगता सांगता आवाज चढला. किल्ली, फळा, ते "हं", सगळं बाहेर पडलं. एवढं सगळं आपल्या मनात साठलं होतं हे त्यांना बोलायला लागल्यावरच कळलं.

नणंदेने हाताने गुडघा चोळला. मग म्हणाली, "तुझा आवाज काढून मला काय मिळणार होतं? माझ्या स्वतःच्या आवाजात मी सांगितलं असतं तरी त्या लोकांनी ऐकलं असतं. तुझ्या आधीपासून ओळखतात ते मला."

"म्हणूनच तर..."

"किल्ली त्या खिळ्याला आहे. घेऊन जा."

वहिनींनी किल्ली घेतली. घेताना आपण जिंकलो असं त्यांना वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटलं नाही. घरी नवऱ्याने बहिणीचा फोन येऊन गेल्याचं सांगितलं आणि एवढंच म्हणाला, "विचारायचं होतंस ना आधी मला. ताई काहीही करेल, तोंडावर भांडेल, पण लपूनछपून करणार नाही."

"मग कोण करतंय?"

"ते मला काय माहीत?"

किल्ली घरी आल्यावरही फोन थांबले नाहीत. नणंदेने आश्रमात पाऊल टाकणं बंद केलं, तरी एका निवृत्त पोस्टमनने वहिनींना रस्त्यात गाठून सुट्टीबद्दल धन्यवाद दिले. आता वहिनींना प्रत्येक जण संशयित वाटायला लागला. व्यवस्थापकांना पैसे देऊन बाहेरची माणसं आणायची असतील. स्वयंपाकीण मागच्या भांडणाचा वचपा काढत असेल. त्या आश्रमात चालताना दारांशी थबकायच्या, कान द्यायच्या, आणि कुणी दिसलं की उगाच पडदे सारखे करायच्या.

अशाच एका दुपारी, सगळे वामकुक्षी घेत असताना, त्या मागच्या व्हरांड्यातून चालल्या होत्या. कपड्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून आवाज येत होता.

"नाही हो, तुमच्यावर राग कसला? तुम्ही घरी थांबा. मुलांबरोबर राहा. फक्त नंतरच्या आठवड्यात मला दगा देऊ नका म्हणजे झालं..."

वहिनी थबकल्या. तो त्यांचाच आवाज होता. तोच चढ, तीच घाई, शेवटी श्वास सोडायची तीच सवय. आपण बाहेर उभ्या आहोत की आत, असा क्षणभर त्यांना भ्रम झाला. त्यांनी दार ढकललं.

घड्या घातलेल्या चादरींच्या ढिगावर वरच्या मजल्यावरच्या आजी बसल्या होत्या. दिवसभर स्वेटर विणणाऱ्या, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या. त्यांनी फोन शांतपणे खाली ठेवला.

"आलीस का," आजी आता स्वतःच्या, थोड्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मला वाटलं होतं, लवकर येशील."

"तुम्ही?"

"आयुष्यभर बाहुल्यांचे खेळ केले मी. राजा, राणी, गाढव, सगळ्यांचे आवाज मीच काढायचे. तू तर सोपी आहेस. वाक्याच्या शेवटी दमतेस. आणि नंबर तुझ्या फळ्यावर असतातच."

वहिनी स्टुलावर बसल्या. राग येत होता, पण तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. "का केलंत असं? माझी अब्रू गेली असती. आणि तुमच्यापायी मी घरात..."

आजींनी एक उशीचा अभ्रा उचलून त्याची घडी नीट केली. "खालच्या हॉलमध्ये माझी मैत्रीण आहे. बोलता येत नाही तिला. मागच्या मोठ्या सुट्टीला तिला भरवायला दोघं-दोघं उभे होते. एक घास गिळायच्या आत दुसरा तोंडाशी. वर फोटो. आणि सुट्ट्या संपल्यावर? मांडव उठावा तसे सगळे गेले. आया अजून परतल्या नव्हत्या. मागे उरलेली एकटी बाई सगळ्यांना भरवत भरवत हिच्यापर्यंत यायची तोवर सूप गार व्हायचं. ही तोंड मिटून घ्यायची. त्या बाईला वाटायचं, भूक नाही. वजन उतरलं तेव्हा डॉक्टरांनी औषध बदललं. औषध कशाला? गरम सूप हवं होतं तिला."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, 'बघू हं आजी.' व्यवस्थापकांना सांगितलं, ते म्हणाले, 'स्वेटर छान झालाय.'" आजींनी अभ्रा ढिगावर ठेवला. "तुझ्या आवाजात सांगितलं की लोक ऐकतात."

वहिनींना ते "बघू हं" आठवेना. म्हटलं असेल, हे मात्र पटलं. दिवसातून कितीदा म्हणत असतील.

"आणि मोठ्या सुट्टीला कोण भरवणार होतं?"

"वरच्या मजल्यावर धडधाकट हातांची कितीतरी माणसं दिवसभर टीव्हीकडे बघत असतात. आम्हाला कुणी विचारतच नाही. आम्ही म्हणजे भरवून घेणारे, एवढंच. आणि बाहेरचे सगळे काढले नाहीत मी. जे सावकाश भरवतात ते ठेवलेत."

"अजून कुणाकुणाला फोन केलेत?"

आजी खिडकीबाहेर बघायला लागल्या. "आठवत नाही."

वहिनींनी त्यावर अजिबात विश्वास ठेवला नाही. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून खोलीला कुलूप लावलं. स्वयंसेवकांना मात्र त्या फोन करत बसल्या नाहीत. एकेकाच्या दारी जाऊन त्यांनी सांगितलं, की सुट्टी खरी आहे आणि नंतरचा आठवडाही खरा आहे. शिंप्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मगच मान हलवली.

मोठ्या सुट्टीच्या दिवशी वरची माणसं खाली उतरली. सगळं सुरळीत झालं असं नाही. एका माजी सुताराने इतक्या घाईने भरवलं की समोरच्या आजोबांना ठसका लागला, नर्स धावत आली, आणि सुतार घाबरून चमचा ठेवून उठला. वहिनींनी त्याला पुन्हा बसवलं, मान किती वर धरायची, गिळल्याची वाट कशी बघायची ते दाखवलं. व्यवस्थापक दारातून बघत होते. त्यांना आजींच्या फोनचं आधीपासून माहीत होतं का, हा प्रश्न वहिनींच्या मनातून गेला नाही. विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते.

त्याच संध्याकाळी त्या नणंदेकडे गेल्या. किल्ली टेबलावर ठेवली आणि जे झालं ते सगळं सांगितलं.

"चुकलं माझं, वन्सं."

"चुकलंच," नणंद म्हणाली. "मी एवढी वर्षं तुझं काय वाईट केलं होतं, ते शोधत बसले होते इथे. सापडलं नाही. तुला सापडलं होतं, म्हणून विचारते. काय होतं ते?"

वहिनींनी किल्ली थोडी पुढे सरकवली. "तुम्ही फळ्याकडे बघून 'हं' म्हणायचात," त्या शेवटी म्हणाल्या. बोलल्यावर ते किती क्षुल्लक आहे ते त्यांचं त्यांनाच जाणवलं.

"चष्मा लागलाय मला," नणंद म्हणाली. "लांबचं वाचायला वेळ लागतो." ती हसली नाही. किल्लीही उचलली नाही.

सुट्ट्या संपल्यावर दुसऱ्या आठवड्यात, ज्या दिवसांत एरवी भरवायला कुणी नसायचं, त्या दिवसांत माणसं आली. सगळी नाही. पोहण्याच्या क्लासवाल्या बाई आल्याच नाहीत, साधा फोनही केला नाही. शिंपी आला, पोस्टमन आला. आणि बुधवारी, कुणी न बोलावता, नणंदबाई काठी टेकत आल्या. त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, एका आजोबांच्या गळ्याशी रुमाल लावला आणि वाटी मागितली.

वहिनींनी वाटी नेऊन दिली. "गरम आहे," त्या म्हणाल्या.

"कळतंय मला," नणंद म्हणाली, आणि चमच्यावर फुंकर घालायला लागली. रविवारी वन्सं जेवायला येणार का, हे विचारायचं वहिनींच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आजोबांनी तोंड उघडलं होतं, आणि पलीकडून कुणीतरी पाणी मागत होतं, म्हणून त्या तिकडे गेल्या.