उपाशी रान

काशीगावच्या टेकडीखाली पुंडलिकचं निलगिरीचं रान होतं. भातशेती सुटल्यावर त्यानं ते लावलं, आणि मीरा रोडच्या कितीतरी स्लॅबना त्याच्या बल्ल्यांचा टेकू मिळाला. झाड तोडलं की बुंध्याला फुटवे यायचे, वाढून त्यांच्याच बल्ल्या व्हायच्या. पण तिसऱ्या तोडणीनंतरचे फुटवे काडीसारखे आले, पानं पिवळी.

"जमीन म्हातारी झाली. झाडं मुळासकट काढून टाकू," पुंडलिक म्हणाला.

"म्हातारी न्हाय बाबा, उपाशी हाय," त्याची सून हेमाली म्हणाली. माती तिनं तपासून आणली होती. नत्र जवळजवळ संपलं होतं. "खोडं विकायचीच. पण डहाळ्या, पालापाचोळासुद्धा आपण बेकरीच्या भट्टीला देतो. जमिनीसाठी घास तरी ठेवतो का?"

पुंडलिकनं रानावरून नजर फिरवली. मग म्हणाला, "नाल्याकडचा तुकडा तुझा. कर काय करायचं ते."

हेमालीनं तिथले मरतुकडे फुटवे छाटून जागीच पसरले. बेकरीचा टेम्पो आला, तो तिनं रिकामा परत पाठवला. ओळींच्या मधे गिरिपुष्प लावलं. त्याची मुळं हवेतलं नत्र जमिनीत आणतात.

पहिलं वर्ष वाईट गेलं. वाळक्या काटक्या कुजताना मातीत उरलंसुरलं नत्रही ओढून घेत होत्या. तिचा तुकडा सासऱ्याच्या रानापेक्षाही पिवळा पडला.

"सोड ना आता," नवरा प्रणय म्हणाला. "अख्खं गाव हसतंय."

"हसू दे. कुजायला वेळ लागतो."

ती हटली नाही. उन्हाळ्यात वणवा शिरू नये म्हणून तिनं कडेचं गवत स्वतः कापलं. पावसाळ्यात गिरिपुष्पाचा कोवळा पाला छाटून बुंध्यांशी घातला. हळूहळू माती काळी, भुसभुशीत झाली. निलगिरीची पानं गर्द झाली, खोडं भरू लागली.

काही वर्षांनी तोडणीला धर्माजी ठेकेदार आला, तो सरळ नाल्याकडे गेला. एका खोडाला दोन्ही पंजांचा वेढा घातला. बोटांना बोटं टेकेनात.

"पुंडलिकशेठ, खत कुठलं घातलंत?"

"मला काय विचारतोस? तिला विचार!" पुंडलिक एवढ्या मोठ्यानं म्हणाला की रस्त्यावरची माणसं थांबली. "ते माझ्या सुनेचं रान हाय!"

हेमालीला हसू आवरेना. पदर खोचून ती पुढे झाली.

"खोडं तुमची, धर्माजीभाऊ. पण पानाला हात लावायचा न्हाय."

पुंडलिक कामगारांकडे वळला. "ऐकलंत ना? आणि माझ्या रानातही तसंच. सगळा पाला जागेवर!"